हरणाचं मटण मी करते

मी फलटणची. वडील एसटीत कंडक्टर, घरी दर रविवारी मटण व्हायचं पण करायची आई, आम्ही नुसतं खायचं, त्यामुळं लग्नापर्यंत मला धड रस्सा येत नव्हता. ह्यांची सॉफ्टवेअरमधली नोकरी, दोन हजार चार साली कंपनीनं परदेशात, आर्नहेमला पाठवलं, मग मीही आले. दिवसभर घरात एकटी, किती बसणार? सायकल शिकले, आणि जंगलाच्या कडेला एक हॉटेल आहे तिथं भाज्या चिरायला लागले.

तिथली मुख्य स्वयंपाकीण रीत नावाची, साठीची बाई, आवाज असा की भांडी हलावीत. पानं गळायला लागली की शिकारी हरणं आणून देतात. मी म्हटलं मला शिकवा, तर म्हणाली कर बघू. मी घरच्या मटणासारखी हरणाची मांडी दोन तास शिजवली. काय सांगू तुम्हाला, चप्पल बरी! रीतनं ती सरळ कचऱ्यात टाकली, म्हणाली तू कांदेच चिर. मी म्हटलं चिरते, पण उद्या परत करणार. परत केली, परत बिघडली. तेव्हा कुठं ती शेजारी उभी राहिली. म्हणाली, ह्याला चरबी नाही बाई, आत गुलाबी असतानाच काढायचं, अंगठ्यानं दाबून बघायचं. गुलाबी मटण मी जन्मात खाल्लं नव्हतं. डोळे मिटून खाल्लं.

आणि मग ती सत्यनारायणाची पूजा. इथं आपली दहा-बारा मराठी घरं, मी शिरा भाजत होते, तर एक वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, प्रसादाला तू हात नको लावूस, तिकडं काय काय कापतेस. मी म्हटलं वहिनी, तुमची मुलं चिकन बर्गर खातात, ती कोंबडी काय आपणहून पावात जाऊन बसते? आणि भाजत राहिले. हे खाली मान घालून उभे. गाडीत म्हणाले, जरा गप्प बसली असतीस. मी म्हटलं, तुम्ही जरा बोलला असता.

आता रीतचे गुडघे गेले, ती खुर्चीवर बसून ओरडते आणि हरणाचं सगळं मी बघते. सासूबाई दर रविवारी फोनवर विचारतात, सोडलंस का गं ते काम? देव त्यांना उदंड आयुष्य देवो, विचारू देत. मी म्हणते, नाही आई, आत्ता कुठं जमायला लागलंय.