वैभवच्या पायाबाबत

मी, सीमा रघुवीर तावडे, वय ५१, धंदा ब्लाउज शिवणे, राहणार चिंचपोकळी, समक्ष हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी नवरा आणि मुलगा वरद यांच्यासह राहते. घोडपदेवच्या दुर्गा नारकर यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, त्याबाबत विचारल्यावरून हा जबाब देत आहे. दुर्गा माझी लग्नाआधीपासूनची मैत्रीण. तिचा वैभव आणि माझा वरद एकाच सायकल क्लबात आहेत.

गेल्या रविवारी क्लबाची गिरगाव ते शहापूर आणि परत अशी दोनशे किलोमीटरची राइड होती. हेल्मेटशिवाय चालवू देत नाहीत. हेल्मेटच्या आत प्रत्येकाने आपलं नाव, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर चिकटवायचा, असा क्लबाचा नियम आहे. शहापूरला वैभवच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. वरदचा गुडघा धरला होता, म्हणून त्याने राइड सोडली, स्वतःचं हेल्मेट वैभवला दिलं आणि क्लबाच्या टेम्पोत बसला. आतलं नाव बदलायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. हे मला वरदने नंतर सांगितलं.

संध्याकाळी लालबागला वैभवला डंपरने उडवलं. हॉस्पिटलातून फोन मला आला, वरद तावडे तुमचा कोण म्हणून. मी मशीनवरचं काम टाकून तशीच धावले. वरदचा फोन बंद येत होता. स्ट्रेचरवर बघितलं तर वैभव, बेशुद्ध. मला हायसं वाटलं. लिहा साहेब, लपवायचं काय त्यात. मी हात जोडले, आणि मग त्याचा पाय बघितला.

डॉक्टर म्हणाले, पाय पार चिरडलाय, काढावा लागेल, थांबलो तर पोरगा हातचा जाईल. दुर्गा केटररकडे पोळ्या लाटायला जाते, तिचा फोन पिशवीत असतो. मी लावत राहिले, तिने उचलला नाही. तिच्या घरी दुसरं कोणी नाही. खरं सांगितलं तर आधी नातेवाईक आणा म्हणतील, अशी मला भीती वाटली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही आईच ना?" मी म्हटलं, "हो, आईच. न्या त्याला आत." हेल्मेटमधला रक्तगट धरू नका, तपासून घ्या, एवढं मात्र नर्सला बजावलं. ती म्हणाली, आम्ही तपासतोच.

दुर्गा आली तेव्हा ऑपरेशन झालं होतं. तिला सगळं मीच सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "माज्या झिलाचो पाय कापा म्हणान सांगणारी तू कोण?" वैभव शुद्धीवर आहे. माझ्याशी बोलत नाही. वरद रोज जातो आणि बाहेरच्या बाकावर बसून परत येतो.

मी डॉक्टरांशी खोटं बोलले, हे मला मान्य आहे. पोरगा जिवंत आहे, त्यामुळे मला पस्तावा नाही, आणि कोणी मला शहाणपण शिकवू नये. पण माझा वरद असता तर मी इतक्या पटकन हो म्हटलं नसतं. जरा थांबा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, तुमच्या पाया पडते, असं काहीतरी म्हणाले असते. ते म्हणायचा हक्क दुर्गाचा होता. तो मी घेतला.

लिहिलेलं हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलंय, ते खरं आहे. शेवटचं गाळू का, असं त्यांनी विचारलं. राहू दे म्हटलं.