स्लॅब पडला का?

नाही नाही, बस गं श्रिया, चहा होतोच आहे — तुझं संशोधन कुठे पळून जातंय? बांधकाम रखडलं की घर घेणाऱ्याचं काय नुकसान होतं, हेच शोधतेयस ना? मग सिमेंट महागलं, सळई महागली, ते तुला बिल्डरच्या ऑफिसातही सांगतील. मी आमचं सांगते. आमचं म्हणजे माझं आणि सुनिताचं — कर्जतच्या शाळेत जन्मभर एकत्र शिकवलं आम्ही, ती गणित, मी मराठी. दोघींचे नवरे गेले, मुलं लांब. तेव्हा ठरवलं, शेलूला ही इमारत उठतेय, शेजारी-शेजारी फ्लॅट घ्यायचे आणि म्हातारपण भांडत काढायचं. हसतेस काय? भांडायलासुद्धा माणूस लागतं. सुट्टी असली की यायचो इथे बघायला. सुनिता खालूनच मुकादमाला हाक मारायची — सहदेव त्याचं नाव, कडावचा — "काय हो, आमचा स्लॅब पडला का?" तो वरून ओरडायचा, "तुमी काळजी करू नका बाई, काम थांबायचं नाय!" आणि थांबलंच. परवानगी अडली, मग भागीदार भांडले, मग सहदेवही दिसेना. नुसते खांब उभे, वर सळया गंजतायत. तरी यायचो आम्ही. काय बघायला? कुठला खांब कुणाच्या स्वयंपाकघरात येणार ते ती मला समजावायची — दर वेळी, नव्यानं.

मग एकदा गाडीनं येताना ती एक स्टेशन आधी, नेरळलाच उतरली. आलं की गं शेलू, म्हणाली. मी हसले. पुन्हा उतरली तेव्हा नाही हसू आलं. अजेय, तिचा मुलगा, पुण्याला घेऊन गेला तिला. डॉक्टर म्हणाले, विसरणं आता वाढतच जाणार. इमारत? झाली ना — छान झाली. अजेयनं तिचा फ्लॅट विकला. त्याला तरी काय बोलू, आजारपण केवढं! ज्यांनी घेतला ते राहायला येतच नाहीत. भिंतीला कान लावला तरी काही — नाही, लावत नाही मी. म्हणजे, एखाद्या वेळी.

दुपारी तिचा फोन येतो. मुलाला नवऱ्याच्या नावानं हाक मारते, पण हे बरोबर विचारते — "अनसूया, स्लॅब पडला का गं?" पहिल्यांदा खरं सांगितलं मी. घर झालं, मी राहायलासुद्धा आले. अशी रडली — मला टाकून गेलीस, म्हणाली. तेव्हापासून सांगते, नाही गं अजून, काम चालू आहे. मग खूश. वर मलाच धीर देते — होईल गं, आपण दोघी एकदमच जाऊ. तू लिहितेयस काय हे? हे नको लिहूस — हे कुठल्या तुझ्या हिशेबात बसणार?

— बघ, वाजला. तिचाच आहे. चहा राहू दे आता, तू ऊठ. अगं ऊठ ना — तुझ्यासमोर नाही मला तिच्याशी खोटं बोलता येणार. जा बाई.