धडा सहावा, एकोणपन्नास मिनिटं

नाव : साक्षीदाराच्या विनंतीवरून वेगळ्या पानावर नोंदवले आहे. वय : ४७ वर्षे. व्यवसाय : नोकरी, सध्या निलंबित. पत्ता : पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या मागची गल्ली, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

मी आज रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आईसोबत राहते. गेली एकोणीस वर्षं सदर प्रयोगशाळेत नोंदणी लिपिक आहे. तपासनीसांकडून माझ्याकडे चिठ्ठ्या येतात. चिठ्ठीवर नमुन्याचा क्रमांक आणि जंतूंचा आकडा एवढंच असतं. पाणी कुठलं ते लिहीत नाहीत, ओळखीपाळखीने कोणी आकडा फिरवू नये म्हणून. आकडा मी संगणकात भरते. वसाहतीचं नाव थेट शेवटच्या अहवालावर उमटतं आणि त्याखाली माझी सही असते. व्यवस्था फार विचार करून केलेली आहे.

दोन महिन्यांपूर्वी व्यवस्थापक साहेब मला म्हणाले, "तुम्ही काम कसं करता त्याचे व्हिडिओ बनवा. उद्या तुम्ही नसलात तरी काम अडायला नको." मी विचारलं, "मी कुठे चाललेय?" साहेब म्हणाले, "तसं नव्हे हो, आपलं जनरल बोलतोय." पुढच्याच आठवड्यात माझ्या कामासाठी नव्या मुलीच्या मुलाखती झाल्या. त्याही जनरलच असाव्यात.

माझा संगणक जुना आहे. रेकॉर्डिंगचं कुठलंही चकचकीत सॉफ्टवेअर टाकलं की तो जागच्या जागी बसतो. नवीन मागितला तर साहेब म्हणाले, "आहे त्यात भागवा." म्हणून मी माहिती वाचून एफएफएमपेग नावाचं साधन शिकले. त्यात बटणं नसतात, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. कुठला पडदा, सेकंदाला किती चित्रं, आवाज कुठल्या माइकचा, किती वेळ आणि फाईलचं नाव काय. ती ओळ मी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली होती. थांबवायला क्यू हे अक्षर दाबायचं. चालू असताना खिडकी खाली सारली की पडद्यावर काही दिसत नाही, लाल ठिपकासुद्धा नाही.

याच काळ्या खिडकीवरून साहेबांनी माझ्याविरुद्ध हॅकिंगची तक्रार दिली आहे. हॅकिंग कुठे शिकलात, असं मला इथे विचारण्यात आलं. मी सांगितलं की, साहेबांनीच करायला लावलं आणि त्याबद्दल मेमो नव्हे, शाबासकी दिली होती. ती तोंडी होती.

बारा तारखेला दुपारी एक वाजून तीन मिनिटांनी मी धडा सहावा सुरू केला. विषय, आकडा कसा भरावा. उदाहरणाला समोरची चिठ्ठी घेतली, नमुना क्रमांक सतरा. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आहे, "आता इथे चौतीस भरायचे. बघा, लाल खूण आली. म्हणजे हे पाणी पिण्यालायक नाही. लाल खूण दिसली की अहवाल थांबवायचा." शिकवणं मला बरं जमतं असं वाटून मी त्यावर थोडी खूशही झाले होते.

एरवी मी त्या ओळीत वेळ घालते, म्हणजे रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. त्या दिवशी वेळ घालायची राहिली. एक दहाला मागच्या खोलीतून सफाईच्या मावशींनी हाक मारली, "बाई, डबा गार होतोय!" मी तशीच उठले. क्यू दाबलं नाही, संगणकाला कुलूपही लावलं नाही. आमच्याकडे कोणीच लावत नाही. साहेब म्हणतात, आपण एक कुटुंब आहोत.

एक बावीसला माझी खुर्ची करकरल्याचा आवाज येतो. मग माझ्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण. मग साहेबांचा आवाज, फोनवर, तोंडात बिस्किट असताना. पडद्यावर नमुना सतरा उघडतो, चौतीस पुसले जातात, शून्य येतं, लाल खूण जाते. साहेब म्हणतात, "झालं तुमचं काम. टाकी धुवायची तेव्हा धुवा. छे छे, माझं नाव कुठे येतंय? सगळं बाईंच्या लॉगिनमधून आहे. बाई आहेतच." हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. एकोणीस वर्षांत माझ्या असण्याची कोणी इतकी दखल घेतली नव्हती.

एक चाळीसला मी परत आले. माझा आवाज असा आहे, "अय्या, साहेब! बसा ना, बसा. चहा सांगू?" साहेब म्हणाले, "नको, तुमचीच वाट बघत होतो. एवढ्यावर सही करा, माणूस थांबलाय." मी म्हणाले, "कुठे?" ते म्हणाले, "इथे." नंतर पेनाचा आवाज आहे. मध्ये चार सेकंद गेले. मी मोजले आहेत.

एक बावन्नला काळी खिडकी चालूच आहे हे दिसल्यावर मी कपाळावर हात मारला आणि क्यू दाबलं. फाईल पाहिली नाही.

त्याच संध्याकाळी मावशींनी मला विचारलं, "बाई, आमच्या वसाहतीचं पाणी तपासायला नेलं होतं, आलं का काही? उकळू का?" मी फाईलमध्ये वसाहतीचं नाव शोधलं, नमुन्याचा क्रमांक पाहिला नाही. शून्य होतं, खाली माझी सही होती. मी म्हणाले, "मी स्वतः सही केलीय. बिनधास्त प्या."

एकवीस तारखेला त्या वसाहतीतली अकरा माणसं दवाखान्यात दाखल झाली. त्यात मावशी आहेत. त्या अजून शुद्धीवर नाहीत. बारा तारखेच्या दुपारी मी कुठे होते हे सांगू शकणारं दुसरं माणूस नाही. साहेबांनी नमुना सतराचा अहवाल समोर ठेवून मला विचारलं, "एंट्री तुमची, सही तुमची, आम्ही काय समजायचं?" आणि निलंबित केलं. नव्या मुलीला देण्यासाठी धडे पेनड्राइव्हवर घेतले होते. ते चाळताना सहावा धडा नेहमीच्या सहाऐवजी एकोणपन्नास मिनिटांचा निघाला.

माझ्या भावाचं म्हणणं पडलं की, शेवटची बारा मिनिटं कापून मग द्यावी, म्हणजे सहीचा भाग जाईल आणि मी सुटेन. कापायलाही एकच ओळ लागते आणि ती मला येते. मी कापलेली नाही. आकडा साहेबांनी बदलला. पण अर्ध्या तासापूर्वी चौतीस मी माझ्या तोंडाने म्हटले होते. कागदावर नजर जरी टाकली असती तरी सतरासमोरचं शून्य मला दिसलं असतं. मला मावशींना तोंड दाखवायचं आहे. म्हणून फाईल आहे तशी, पूर्ण, हजर करत आहे.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे टाइप करून मला वाचून दाखवला. हवालदार म्हणाले, "बरोबर आहे ना? मग करा सही, जेवायची वेळ झाली." मी कागद मागून घेतला. त्यांना वीस मिनिटं थांबावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी स्वतः दोनदा वाचला. बरोबर आहे. त्यानंतर सही केली.