भिंतीवरचे बारा शब्द

थांब, थांब — मोबाइल नको धरूस त्याच्यावर! मागे घे. तो क्यूआरचा चौकोन आता काही कामाचा नाही. म्हणजे काम करतो, तेच तर दुखणं आहे — पैसे जातात त्यात, पण माझ्या हाती लागत नाहीत, वरच्या वर दुसराच कुणी उचलतो. म्हणून तर त्याच्यावर ही शेंगदाण्याची बरणी ठेवलेली असते. मघाशी एकाला सुटे द्यायला बरणी सरकवली आणि तशीच राहिली. मग काढून का टाकत नाही? विचार, विचार, सगळे विचारतात. काढला तर लोक म्हणणार, का काढला. बरणी ठेवली की कुणी काही म्हणत नाही. टेप पाच रियालची, कार्ड चालेल, रोख चालेल. बॅगेला गुंडाळायला ना? मग ही रुंद घे, ती बारकी विमानतळापर्यंत पण टिकत नाही. मराठी बोलतेस म्हणून जरा बरं वाटलं गो. नर्स आहेस? नवीन असशील. इथल्या हॉस्पिटलातली सगळी मराठी माणसं माझ्याकडे येतात — कोकम, कुळथाचं पीठ, सुके बोंबील, जुबैलमध्ये दुसरीकडे मिळणार नाही — म्हणजे यायची. हल्ली जरा कमी येतात.

हा चौकोन माझ्या मुलाने लावून दिला, अदनानने. रियाधला असतो, ओलायात, मोठ्या काचेच्या इमारतीत, कॉम्प्युटरचं काम. सुट्टीला आला आणि म्हणाला, अब्बा, क्रिप्टो घ्यायला लागा, पोरं विचारतात. खरंच विचारायची. शिफ्टवरून सुटलेली फिलिपिनो पोरं, एकदोन आपलीही — बस इथेच थांबते ना कंपनीची. अदनानने एका दुपारी सगळं बसवलं. माझ्या मोबाइलमध्ये ते वॉलेट टाकलं, हा कागद छापून काचेखाली सरकवला, आणि स्वतःच एक पेप्सी विकत घेऊन दाखवली. टुंग करून वाजलं. मी त्या दिवशी दहा जणांना मोबाइल दाखवला असेल — दाभोळचा कादिर, दहावी नापास, आणि बघा! इथे हे चालतं की नाही, कफीलला, म्हणजे ज्या अरबाच्या नावावर दुकान आहे त्याला, विचारायला हवं होतं की नाही — ते मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणून नाही विचारलं. अदनानने स्वतःचे पैसे पण त्यातच ठेवले. लग्नासाठी साठवलेले. म्हणाला, अब्बा, तुमच्याकडे राहू देत, माझ्याकडे असले की खर्च होतात. आणि जाताना बारा शब्द दिले. इंग्रजी शब्द, एकामागून एक, त्याच क्रमाने. हीच किल्ली आहे म्हणाला. मोबाइल हरवला तर ह्याच्यावर सगळं परत मिळतं, आणि दुसऱ्या कुणाला कळले तर सगळं जातं. कुणालाच सांगायचे नाहीत अब्बा, मी फोन करून विचारले तरी मलासुद्धा सांगायचे नाहीत.

आता मी काय करावं? डोक्यात राहत नाहीत. मोबाइलमध्ये ठेवू नका म्हणाला. तर मी काय केलं — सव्वीस वर्षं ह्या मुलखात जे केलं तेच केलं. जे लपवायचं ते मराठीत लिहायचं! मालाची खरेदी किंमत मी डब्यावर मराठीतच लिहितो. गल्ल्याच्या कुलुपाचा नंबर मराठीत आहे, तिथे, तेलाच्या डब्यांच्या वर. मल्याळी माणूस उभा राहून बघतो, बंगाली बघतो, अरबाचा तर प्रश्नच नाही. तसेच ते बारा शब्द मराठी अक्षरांत उतरवले आणि तिथे, नमाजाच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवले. टेपची खूण दिसते बघ अजून. मला वाटलं, तिजोरीसुद्धा इतकी पक्की नसेल.

आणि मग गेले. सगळे. एका दुपारात खलास. कुणी नेले? आता मी नाव घेत नाही, पण एक बाई यायची दर शुक्रवारी, हॉस्पिटलातलीच, सिस्टर, आपल्याकडचीच. तिला मराठी अक्षराची फार भूक. पोह्याच्या पिशवीवरचा पत्ता पण वाचायची, मोठ्याने. जुन्या पेपरात बोंबील बांधून दिले तर घरी जाऊन तो पेपर सरळ करून वाचायची. तिने तो कागद वाचला. इथेच, तू उभी आहेस तिथे उभी राहून — रिव्हर, मँगो, टायगर, असं हसत हसत — आणि मग दोन आठवड्यांत पैसे गेले. आता सांग, दुसरं कुणाला वाचता येणार होतं? काय? हिंदीवाल्यांना? ...हां. वाचता येतं. यूपीवाल्याला येतं, नेपाळ्याला पण येतं, अक्षर तेच की. बरोबर आहे तुझं. हे मला कुणीच बोललं नाही चार महिन्यांत. मी ग्रुपवर टाकलं तेव्हा पण नाही. आहे ना आपला ग्रुप, महाराष्ट्राचा, दीडशे माणसं आहेत. नाव नव्हतं टाकलं हां मी! फक्त एवढंच लिहिलं की ज्यांना आपण घरचं मानतो, ज्यांना घरातला डबा जातो, तेच मराठी वाचून हात मारतात, सावध राहा. डबा कुणाला जायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं.

हे काय काढतेस पिशवीतून?

...ठेव. ठेव इथे. नको, उघडू नकोस — तसाच ठेव. बि. का., बघ कोरलेलं आहे झाकणावर. बिलकिस कादिर. माझी बायको. आमच्या लग्नातला डबा आहे तो. तू शोभनाताईंच्या खोलीतली? मघाशी सांगायचंस ना गो! मी आपला वेड्यासारखा तुला ऐकवत बसलो. पूर्णिमा ना तू? ती म्हणायची, नवीन मुलगी येणार आहे माझ्या खोलीत, साताऱ्याची. म्हणजे बॅग तिची आहे. टेप तिला हवी आहे. चालली? सुट्टीवर? ...कायमची? करार वाढवला नाही की तिनेच — तिनेच. कधीचं विमान आहे? आणि दम्मामला जायला टॅक्सी — ती बाहेर उभी आहे तीच? तिच्यात बसली आहे ती? पांढरी टॅक्सी, हो, दिसतेय. मागच्या सीटवर आहे. आत यायचं नाही म्हणाली असेल. तसं नाही म्हणाली? नुसतं टेप आण, डबा दे, एवढंच? हं.

ऐक. आत्ता मी तुला जे सांगितलं ना, ते चार महिने मी सगळ्यांना सांगतोय, म्हणून तोंडातून आपोआप बाहेर पडतं. तिने कागद वाचला हे खरं. हसली हे पण खरं. पण हसून झाल्यावर ती काय म्हणाली ते मी कुणाला सांगितलं नाही. म्हणाली, कादिरभाई, हे गुपित काहीतरी असेल तर आधी काढा इथून, मला वाचता येतं म्हणजे आणखी कुणालाही येईल. असं म्हणाली ती. स्वतःहून. आणि मी म्हटलं, ताई, तुम्हीच तर आहात वाचणाऱ्या, तुमच्यापासून काय लपवायचं! मोठेपणा केला. आणि तिचं हेच बोलणं मी नंतर उलटं फिरवलं, की बघा, तिला ठाऊक होतं ते गुपित आहे म्हणून.

पैसे तिने नाही नेले. हिंदीवाल्याने पण नाही, नेपाळ्याने पण नाही. मी दिले. मला फोन आला, दुपारीच, दुकानात कुणी नव्हतं. गोड माणूस होता, भाईजान भाईजान करत होता. म्हणाला, वॉलेटच्या कंपनीतून बोलतोय, तुमचं खातं आज बंद पडणार आहे, चालू ठेवायचं तर ते बारा शब्द एकदा तपासून घेऊ. आणि मी — पूर्णिमा, मी चष्मा लावला, स्टुलावर चढलो, आणि त्या कागदावरून एकेक शब्द सावकाश वाचून दाखवला. सातवा त्याला नीट ऐकू आला नाही म्हणून दोनदा वाचला. वर त्याला शुक्रिया म्हटलं. हा मी! दाराला पाटी बघ कुणी लावली आहे — कुणालाही ओटीपी सांगू नका. कामगारांच्या कॅम्पातल्या पोरांना बसवून मी शिकवायचो.

संध्याकाळी अदनानचा फोन आला. अब्बा, डिड यू टेल एनीवन? मी म्हटलं नाही. एवढा एकच शब्द बोललो, नाही, आणि पुढचं सगळं त्या नाहीतून निघालं. कुणाला नाही सांगितलं तर मग गेले कसे? तो विचारत राहिला, मी भिंतीकडे बघत होतो, आणि कागद समोर होता, आणि तिचं नाव तोंडात आलं. बापाने फशी पडावं आणि पोराचं लग्न पुढे जावं, हे मला त्याला सांगवलं नाही गो. लाज वाटली. एका लाजेसाठी मी दुसऱ्याची अब्रू घेतली. पोलिसात जायचा प्रश्नच नव्हता, मुळात कफीललाच न सांगता लावलेलं. ते पण मला सोयीचंच पडलं. कुणी तपास करणार नव्हतं.

तिच्या खोलीत काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. सुट्टीवर जाताना सगळ्या सिस्टर्स आपले दागिने तिच्याकडे ठेवायच्या ना? बँकेत नाही, तिच्या कपाटात. माझा मेसेज गेला आणि त्या आठवड्यात एकेक करून सगळ्या जाऊन घेऊन आल्या. कुणी काही बोललं नाही म्हणे, नुसतं, ताई जरा हवं होतं. बिलकिसने सांगितलं मला. बिलकिसला खरं ठाऊक नाही. ती अजून शुक्रवारी कोलंबीचं कालवण करते आणि एक वाटी बाजूला काढताना थांबते, मग परत टोपात ओतते.

मी लिहिलंय. खोटं नाही बोलत, हे बघ, मोबाइलवर. ग्रुपवरच टाकायला लिहिलंय सगळं — फोन, स्टूल, सातवा शब्द, तिचं नाव घालून माफी. महिना झाला लिहून. रोज उघडतो, एखादा शब्द बदलतो, आणि बंद करतो. तू दाबतेस का? नुसतं इथे दाबायचं. ...नाही. बरोबर आहे, तू का दाबशील.

आणि एक सांगू? तिने ग्रुप सोडला नाही. मी बघतो ना. चार महिने एक अक्षर लिहिलेलं नाही, पण नाव आहे तिचं तिथे. सोडला असता तर मला सोपं गेलं असतं.

डबा का उघडायचा? रिकामाच असणार की. मी तिच्या जागी असतो तर डबा पण परत केला नसता, गटारात — उघडतो, उघडतो. घट्ट बसलाय.

...

साखर.

अर्धा डबा साखर आहे. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, ते ठाऊक आहे मला, पण — खोली आवरली ना तुम्ही? गॅस, भांडी, डाळ-तांदूळ, सगळं वाटून टाकलं ना? मग ही साखर कुठली? ...ठेवली होती. ह्याच्यासाठी बाजूला ठेवली होती.

...

नको, पैसे नकोत टेपचे. काढ तो हात. जा तू, विमान चुकेल. ऐक — दिसतेय का ती तुला इथून? मोबाइल आहे का तिच्या हातात? नीट बघ. आहे? चालू आहे? बरं. मग जा, यल्ला, जाऊन तिच्या शेजारी बस, आणि ड्रायव्हरला सांग, एक मिनिट थांब. एकच. अजान झाली, नमाजासाठी शटर ओढायचंय — नाही, शटर राहू दे, आधी ते दाबतो. दार तेवढं लावून घे जाताना. माझा चष्मा कुठे गेला?