बाराची घंटा होईपर्यंत

…आणि वर मलाच विचारतात, त्या अनातोलियोला तू बस कशाला म्हणालास? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांत मी कुणाला बस म्हटलेलं नाही. माणूस उभा आला, उभा बोलला, गेला. पण त्या दिवशी म्हणालो. घाबरलो होतो म्हणून नव्हे. मी घाबरलो नव्हतो. मी फक्त खाली बघत होतो.

आमच्या गावच्या जत्रेला डोंगराची शर्यत असते. चर्चसमोरून पळत सुटायचं, पूर्वेच्या वाटेनं क्रूसाच्या शिखरावर चढायचं आणि पश्चिमेच्या उतारानं परत चर्च. वरून तळं दिसतं, तीन गावं दिसतात, बोगोताहून आलेले लोक पळायचं सोडून तिथं फोटो काढतात. मी तिथं लाल फिती घेऊन उभा. येईल त्याच्या मनगटाला फीत बांधायची. फीत नाही, तर शर्यत झालीच नाही. आणि नियम एकच, पाद्रीबाबांनी लिहिलेला. चर्चची बाराची घंटा होईपर्यंत येईल त्याला फीत, नंतर कुणाला नाही. घड्याळं चालत नाहीत. घड्याळांवरून एकदा मारामारी झालीय.

गेल्या वर्षी घंटा झाली तेव्हा माझी बायको एर्मेलिंदा दहा पावलांवर होती. दहा. हात पुढं करून. मी फिती पिशवीत टाकल्या. नियम म्हणजे नियम. त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. ताट समोर ठेवायची आणि खिडकीतून गाईशी बोलायची. 'गाई, बटाटे थंड होताहेत म्हणावं.' आता मी मुळात कमी बोलणारा, मला काय फरक पडतो? पण दोन माणसांच्या घरात गप्प बसणारा एकच असावा लागतो हो, दोघंही गप्प बसले की नुसतं पातेल्याचं झाकण पडलं तरी छाती धडधडते…

यंदा ती पुन्हा शर्यतीत उतरली. वय अडुसष्ट. शर्यतीच्या सकाळीसुद्धा चर्चमधली फुलं बदलून आली, मग लाल टोपी घातली आणि मला म्हणाली, 'येते वर.' एवढंच. तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होता.

पळणारे येत होते, मी फिती बांधत होतो, डोळे खाली. आणि तिची टोपी कुठं? तर वाटेवरच्या पुरिफिकासिओनबाईच्या अंगणात. थांबलेली. आमच्याकडे ओळखीच्या दारावरून न बोलता गेलं की लोक समजतात काहीतरी बिनसलंय, हे मान्य, पण शर्यतीत? पहिल्या घरी गुळाचं गरम पाणी, दुसऱ्या घरी… दुसऱ्या घरातून बाहेर आली तेव्हा काखेत कोंबडी होती. तुम्हाला सांगतो, कोंबडी. मी घाबरलो नव्हतो. मी फक्त बघत होतो.

तेवढ्यात अनातोलियो वर आला. हा अनातोलियो म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा. सूर्य आलेला डोक्यावर, आणि हा माझ्यासमोर मनगट पुढं करून उभा. मी विचारलं, 'अरे, मग बाराची घंटा?' तर धापा टाकत म्हणतो, 'काका, मी खाली पोचलो की वाजवतो. तोवर गावाला बारा वाजत नाहीत.'

आता बघा. हा उतरला की घंटा, घंटा झाली की फीत नाही, फीत नाही की पुन्हा ती गाय. म्हणून म्हणालो, 'अनातोलियो, बस.'

तो बघतच राहिला. 'काका, तब्येत बरी आहे ना?'

'बरी आहे. बटाटा खा.'

बटाटे खाल्ले, मक्याच्या अरेपा खाल्ल्या, चीज खाल्लं, माझं सगळं जेवण. मग मी बोललो. मी. गाईच्या गुडघ्यावर बोललो, गुडघ्यावरून माझ्या वडिलांवर आलो, वडिलांवरून त्या वर्षीच्या गारांवर, त्याच्या आईची चौकशी केली, तो म्हणाला ती वारून सहा वर्षं झाली, मी म्हणालो, पण त्याआधी कशी होती… शेवटी तो उठला. 'काका, तुम्ही इतकं छान बोलता, कधी कळलंच नाही.' आणि सुटला खाली, बकरीसारखा.

मग दोन ठिपके. पश्चिमेला त्याचा पांढरा सदरा, पूर्वेला तिची लाल टोपी. सदरा धावतोय, टोपी तिसऱ्या घरी बोलतेय. सदरा ओढा उतरला, टोपी निघाली, थांबली, कोंबडी सावरली, सदरा चौकात, सदरा चर्चमध्ये शिरला… मी क्रूसाला धरून उभा. घाबरलो नव्हतो. वारा होता.

घंटा नाही. अजून नाही. आणि एर्मेलिंदा आली, सावकाश. कोंबडी माझ्या हातात दिली, मनगट पुढं केलं.

'फीत.'

'थांब. घंटा…'

'झाली का?'

'नाही.'

'मग बांधा.'

बांधली. दोन गाठी मारल्या, वाऱ्यानं सुटू नये म्हणून. ती दगडावर बसली, तळ्याकडे बघितलं. 'छान दिसतं हो इथून. गेल्या वर्षी बघायचं राहिलं.' मग म्हणाली, 'जेवण काढा.'

'अनातोलियोनं खाल्लं.'

'त्याला कशाला दिलंत?'

मी कोंबडीचे पंख नीट केले. तिनं घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर एक किल्ली आली. मोठी, लोखंडी. घंटाघराची. 'अगंबाई,' म्हणाली, माझ्याकडे न बघता, 'सकाळी फुलं बदलताना खिशात राहिली वाटतं.'

गावात त्या दिवशी बारा वाजले ते आम्ही खाली पोचल्यावर, उन्हं कलताना. आता घरी ती बोलते. माझ्याशी. आणि अनातोलियो दर रविवारी मिस्सा संपली की येतो, गाईचा गुडघा कसा आहे विचारतो, आणि माझ्या बाकावर बसतो. बस म्हणावंसुद्धा लागत नाही.