अप्पांचे पंधरापैकी आठ

आमच्या अप्पांनी आयुष्यात एकदाच परीक्षेत लबाडी केली, तीही हुबळीच्या दवाखान्यात.

पित्ताशयात खडे झाले होते आणि दुर्बिणीनं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी एक डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन आल्या. म्हणाल्या, "ऑपरेशन किती अवघड जाईल याचा आधी अंदाज घेतो. पंधरा मार्कांचं आहे." अप्पा म्हणजे धारवाडात तीस वर्षं गणिताचे मास्तर. मार्क म्हटल्यावर पलंगावर ताठ बसले.

"वय पन्नासच्या वर, एक. पुरुष, एक. सोनोग्राफीचे दोन. याच दुखण्यानं पूर्वी ॲडमिट झाला होता?"

"त्याला किती आहेत?"

"चार."

"झालो होतो की!"

मी म्हटलं, "अप्पा, कधी?" त्यांनी वर्गात बघायचे तसं माझ्याकडं बघितलं. बाईंनी चार मांडले.

बेरीज आठ झाली. अप्पा खूश, पण मोठे सर्जन गंभीर. "अवघड दिसतंय, कदाचित पोट उघडावं लागेल," हे ऐकून आई आमच्या मळमड्डी भागातल्या एकूण एक देवाला नवस बोलली.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात सर्जन बाहेर. "आधी ॲडमिट झालेल्यांचं आत चिकटलेलं असतं, इथं तर काहीच नाही! हे ॲडमिट कधी होते?" मला खरं सांगावंच लागलं.

संध्याकाळी ते अप्पांवर चिडले. "एन्री सर, काय हे! मार्क जितके जास्त, तितकं ऑपरेशन अवघड. तुमचे ते चार मी काढून टाकले. उरले चारच."

अप्पा अजून गुंगीतच होते. केविलवाण्या आवाजात म्हणाले, "पंधरात चार? डॉक्टर, पुन्हा बसता येईल का?"