ट्रॅक्टरवर वाजलेली कोरडी विहीर

...आणि वाजतंय कशावर म्हणता? ट्रॅक्टरवर! उसाच्या ट्रॅक्टरवर हो! पुढं ट्रॅक्टर, त्यामागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत उसाऐवजी अख्खी भावकी, आणि भावकीच्या मागं मोटरसायकलवर धुरळा खात आमचा धैर्यशील! नाकाला रुमाल, डोळ्यांत माती, आणि कानांत ते गाणं, जे त्यानं पोटच्या पोरासारखं जगापासून लपवून ठेवलं होतं! तुम्हाला सांगतो, शिसारी आली त्याला, शिसारी! पोह्यात केस निघाल्यावर येते तसली साधी नव्हे. वाटीभर रस्सा पिऊन झाल्यावर तळाला पाल दिसावी, आणि पालीनं वर बघून हसावं, तसली!

पण असं मधनंच सांगून तुम्हाला काय कळणार? धैर्यशील कोण ते आधी ऐका. गाव वाळव्याच्या बाजूचं, घरचा ऊस, वय पंचेचाळिशीकडं झुकलेलं, नोकरी शिरवळच्या एका कंपनीत. काम काय, तर पट्ट्यावरनं येणारे डबे बघायचे आणि नापास करायचे. दिवसभर डबे नापास करायचे, आणि संध्याकाळी खोलीवर येऊन गाणी नापास करायची! त्यासाठी मोबाईलवर खास ग्रुप, नाव 'कानाआड'. जे कुणी ऐकत नाही तेवढंच चांगलं, ह्या मताची माणसं त्यात. बँड नवा पाहिजे, गरीब पाहिजे, आणि ऐकणारं कुणी नाही पाहिजे. चुकून चार माणसांना आवडला की ह्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. "पहिलं होतं ते बरं होतं." बास, एवढं एकच वाक्य! नवीन गाणं आलं, पहिलं बरं होतं. पहिलंच आलं, तर ते घरात तालीम करत होते तेव्हा बरं होतं! महाबळेश्वरला सोनिया म्हणून एक बाई, हॉटेल चालवते, ती तर त्याच्याही पुढची. "आम्ही त्यांना ते गायला लागायच्या आधी ऐकलंय!" आता बोला.

आणि ह्या ग्रुपचा एक रिवाज होता हो, भयंकर. गाणं उसाच्या ट्रॅक्टरवर वाजलं की बँड मेला! मेला म्हणजे ह्यांच्यापुरता. मग त्याचा डिजिटल फ्लेक्स करायचा, आपल्या चौकात लागतो तसाच. काळापांढरा फोटो, हार, समई, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल : कानाआड परिवार'. आणि हे फ्लेक्स करायचं खातं धैर्यशीलकडं. काय हौसेनं करायचा! हार झेंडूचा का शेवंतीचा, ह्यावर जेवण थंड व्हायचं. झाला की लगेच आपल्या स्टेटसला.

तर अशा ह्या माणसाला एक दिवस सापडली 'कोरडी विहीर'. पाण्याची नव्हे, बँडची. आटपाडीकडची दोन पोरं, सिद्धू आणि ऋषिराज, धनगराघरची सख्खी भावंडं, एक जुनी गिटार आणि एक हलगी, आणि गाणं असं...

"बा मेंढरं घेऊन गेला,
चार्जर इसरून गेला..."

बस्स. बाप मेंढरं घेऊन लांब गेलाय, फोन बंद पडलाय, आणि पोरगं दर कडव्याला नंबर लावून बघतंय. तुम्हाला सांगतो, धैर्यशील ऐकतच राहिला. पहिल्यांदा माणसाला काहीतरी पास करावंसं वाटलं! त्यानं ग्रुपवर ही लांबलचक पोस्ट लिहिली. "चार्जर म्हणजे मोबाईलचा चार्जर नव्हे, तो अस्तित्वाचा चार्जर आहे." सोनियानं सुद्धा मान्य केलं, म्हणजे "बरं आहे" एवढं लिहिलं. महाबळेश्वरच्या पावसात एक दिवस ऊन पडावं तसलं ते 'बरं आहे'! धैर्यशील ग्रुपात मोठा झाला. 'कोरडी विहीर' म्हणजे धैर्यशील, आणि धैर्यशील म्हणजे 'कोरडी विहीर'. पट्ट्यावरचे डबे सुद्धा त्याच्याकडं आदरानं बघायला लागले म्हणतात.

आता नशीब बघा. शनिवारी गडी गावाकडं आला. दारात चुलतभाऊ नाथाजीचा ट्रॅक्टर उभा. त्या ट्रॅक्टरचे स्पीकर काय सांगू! चालू केले की म्हशी पान्हा चोरतात, आणि पलीकडच्या गावची माणसं आवाज कमी कर म्हणायला फोन करतात, पण फोन ऐकू कुणाला येतोय? मागं बेंदराच्या सणाला धैर्यशीलचा फोन त्या स्पीकरांना ब्लूटूथनं जोडला होता, तो तोडायचा राहिला. हा गोठ्यामागं, कानात बोंडं घालून, डोळे मिटून, गुपचूप गाणं लावतोय... आणि ह्याच्या कानात शांतता, गावात बोंब! "बा मेंढरं घेऊन गेलाऽऽ..." कबुतरं उडाली, पत्रे थरथरले, देवळातली घंटा आपोआप वाजली!

हा धावत येतोय बंद करायला, तर त्याची आत्या चंद्राबाई ट्रॅक्टरच्या चाकाला धरून रडतेय. तिचा दिग्विजय मिल्ट्रीत, महिना महिना फोन लागत नाही.

"आरं बंद नगं करू रं धैर्या! ह्या पोराला माझ्या मनातलं कुनी सांगिटलं?"

"आत्ती, ते तसलं गाणं न्हाई. ते अस्तित्वाचं हाय."

"आसंल. पर बाच्या मागं चार्जर धाडला का न्हाई कुनी?"

आणि नाथाजी? त्यानं तेवढ्यात रील टाकलं सुद्धा! ट्रॅक्टर, गाणं, रडणारी आत्या, वर तीन बदाम. चहा निवायच्या आत ते रील महाबळेश्वरात! सोनियाचा निरोप आला, "धैर्यशील सर, ट्रॅक्टर. फ्लेक्स कधी करताय?"

शिसारी आली हो त्याला! स्वतःचीच आली! पण नियम म्हणजे नियम. त्यानंच केलेला. सोमवारी सकाळी शिरवळला, ड्यूटीच्या आधी, जड हातानं बसला फ्लेक्स करायला. बँडच्या पानावर फोटो नुसता विहिरीचा. आता विहिरीला हार घालून श्रद्धांजली कशी वाटणार? म्हणून व्हिडिओतनं दोन्ही पोरांची तोंडं कापून काढली, हार घातला, नावं टाकली, चार्जरची ओळ टाकली, गावही टाकलं, कारण अर्धवट काम त्याला खपत नाही. खाली ओळ, "ऐन उमेदीत आमच्यातून निघून गेले." आणि सवयीनं लावलं स्टेटसला, फोन ठेवला कंपनीच्या लॉकरमध्ये, आणि गेला आत डबे नापास करायला.

इकडं चंद्राआत्ती जगातलं कुठलंही स्टेटस सोडत नाही. तिनं बघितलं, आणि जी हाळी दिली...

"नाथ्याऽऽ! आरं चार्जरवाली दोनी पोरं गेली की रं!"

"कवा?"

"आत्ताच! स्टेटसला आली!"

"कशानं?"

"ते कुनाला म्हाईत! बा तिकडं मेंढरामागं, त्याचा फोन बंद. त्याला कळलं तरी आसंल का रं?"

झालं! गाव म्हणजे कसं, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, कडू घास न्यायला पाहिजे. बायकांनी भाकरी थापल्या, पिठल्याचं पातेलं चढवलं, नाथाजीनं ऊस खाली टाकून ट्रॉल्या झाडल्या, आणि निघाली भावकी आटपाडीला! दुःख जास्त व्हावं म्हणून वाटेनं तेच गाणं, पूर्ण आवाजात, गावोगाव!

जेवणाच्या सुट्टीत धैर्यशीलनं लॉकर उघडला. फोनवर भावकीचे निरोप, "निघालोय", "गाव सुटलं", "तू बी ये". पोटात दुखतंय सांगून सुटला, मोटरसायकल पिटाळली, आणि विट्याच्या पुढं, ट्रॅक्टर दिसला... तोच तो, ज्याच्यापासनं मी सुरुवात केली. हॉर्न वाजवतोय, ओरडतोय, "मेली न्हाईत! पोरं मेली न्हाईत!" ऐकणार कोण? ट्रॉलीतली एक म्हातारी हात हलवून म्हणाली, "बघा, धैर्या बी कसा रडत येतोय!"

पोचले. बायकांनी दारातच सूर धरला. आणि आतनं कोण आलं? सिद्धू! तोंडात घास, मागं ऋषिराज हात पुसत! आत्तीचा सूर वरच्या वर लटकला.

"जित्ता हायस व्हय रं मुडद्या!" म्हणत तिनं एक ठेवून दिली, आणि मग असं कवटाळलं की घास बाहेर आला.

"आवं मावशी, झालंय काय? तुमी कोन?"

"आमी तुझ्या मयताला आलोय!"

सगळ्यांनी वळून बघितलं धैर्यशीलकडं. आता माणसानं सांगायचं काय? तुमचं गाणं लोकांना आवडलं, म्हणून आम्ही तुम्हाला मेलेलं धरलं, असं? "चुकून झालं," एवढं म्हणाला. सिद्धूनं त्याला खालवर बघितलं.

"तुमी शिरवळचं का ओ?"

"व्हय. कसं वळखलं?"

"गानं कुटं वाजतंय ते आमाला फोनवर दिसतंय. जगात एकाच जागी. शिरवळला. रोज, सतरांदा. आमाला वाटलं कुनाचा फोन बिगडलाय. ऋष्या म्हनला, बंद करूया गड्या. मी म्हनलं नगं, त्यो बिगडलेला फोन हाय तवर गाऊया."

तुम्हाला सांगतो, तिथं एवढ्या मोठ्या माणसानं नाकावरचा रुमाल डोळ्यांना लावला. डोळ्यांत पाणी आलं, पण म्हणाला धुरळा. लोकं उपाशी, पिठलं तयार, मग पोरं ट्रॉलीवर चढली आणि गायली. कडू घास गोड झाला, दुसऱ्यांदा गायली, तिसऱ्यांदा गायली, नाथाजीनं सगळं मोबाईलवर घेतलं, आणि त्यात आमचा धैर्यशील! ट्रॉलीवर, मधोमध, हात वर करून, टोपी उडवत नाचताना! टोपी कुणाची, ते अजून कळलेलं नाही.

पुढं काय विचारू नका. गाणं साताऱ्यात वाजलं, सांगलीत वाजलं, हळदीला वाजलं, बारशाला वाजलं, कोंबड्यांच्या गाडीवर वाजलं. पोरांचा बा आकाराम, त्यानं कुठल्याशा घाटात चहाच्या टपरीवर आपल्याच घरची गोष्ट ऐकली आणि चार्जर घ्यायला परत आला! पोरांनी दुसरं गाणं काढलं, आणि चंद्राआत्ती नाक मुरडून काय म्हणाली असेल?

"न्हाई बा. पयलं हुतं ते बरं हुतं. तवा पोटातनं यायचं. आता धंदा झाला."

सोनियानं ते ऐकलं, आणि आत्तीला ग्रुपात घेतलं! नुसतं घेतलं नाही, ॲडमिन केलं! का, तर ह्या बाईनं बँडचा पहिला कार्यक्रम समोर उभं राहून ऐकलाय, आणि गायकाच्या थोबाडीत मारलीय. एवढी लायकी ग्रुपात कुणाची होती? फ्लेक्सचं खातंही आत्तीकडं. आणि तिनं पहिला फ्लेक्स केला कुणाचा?

शिरवळला आपल्या खोलीवर धैर्यशीलनं फोन उघडला. काळापांढरा फोटो, झेंडूचा हार, समई. भावपूर्ण श्रद्धांजली, धैर्यशील! फोटो तोच, ट्रॉलीवर नाचतानाचा. 'ट्रॅक्टरवर दिसला.' खाली आत्तीची ओळ, "ल्हानपनी लय गुनाचं पोरगं हुतं. नंतर बिगडलं."

शिसारी यायला पाहिजे का नको? पण तीही येईना! म्हणाला, हार तरी शेवंतीचा घालायचा होता. अंगठा दिला. आणि तेवढ्यात फोनची बॅटरी संपत आली, म्हणून पिशवी उचकटतोय, कपडे काढतोय, भाकरीचं फडकं झटकतोय... चार्जर गावाकडं इसरलेला!

फोन विझला. मग काय करतो माणूस? बसला गादीवर आणि हळूच गुणगुणला, "बा मेंढरं घेऊन गेला..." दार बंद, ग्रुप बंद, ऐकायला चिटपाखरू नाही. आणि तुम्हाला सांगतो, गाणं परत चांगलं वाटायला लागलं होतं... तेवढ्यात भिंतीपलीकडनं शेजारी म्हणाला, "वा! परत एकदा होऊ द्या!"

...गप्प बसला बिचारा.